बोन ग्राफ्टिंग म्हणजे काय? पायाचं मोडलेलं हाड जुळत नाही तेव्हा डॉक्टर नेमकं काय करतात?

पायाच्या रिपोर्टमध्ये “नॉन-युनियन” असा शब्द दिसला की आपण पहिलं काम काय करतो? मोबाईल काढतो आणि सर्च करतो. पुढच्या दहा मिनिटांत एक रील सांगते अमुक वेलीचा रस प्या, दुसरी सांगते ऑपरेशन केलं की पाय कायमचा गेला, आणि तिसरीत कुणीतरी लेझरने हाड जोडून दाखवत असतो. या सगळ्यात “बोन ग्राफ्ट” हा शब्द येतो आणि घरातले घाबरून विचारतात, “म्हणजे दुसऱ्याचं हाड बसवणार की काय?”

माझा मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. त्याच्या पंजातलं एक हाड चार महिने झाले तरी जुळेना, तेव्हा आमच्या घरातही हाच प्रश्न आला. तेव्हापासून मी या विषयावर बरंच वाचलंय. ते सगळं आज सोप्या भाषेत सांगतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हा लेख म्हणजे उपचाराचा सल्ला नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते काय बोलतायत हे तुम्हाला समजावं, एवढी माझी इच्छा आहे.

चला तर मग, सुरुवात करूया.

हाड आपोआप जुळतं कसं?

हाड मोडलं की त्या जागी रक्त साचतं आणि त्याची गाठ होते. शरीर या गाठीत दुरुस्तीच्या पेशी पाठवतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो. त्याला म्हणतात सॉफ्ट कॅलस. मग त्यात कॅल्शियम बसतं आणि साधारण ६ ते १२ आठवड्यांत तो कडक होतो. त्यानंतर महिनोन् महिने, कधी वर्षभराहून जास्त काळ, शरीर त्या जोडाला घासूनपुसून मूळ आकार देत राहतं.

या कामाला चार गोष्टी लागतात:

१. हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी
२. त्या पेशींना “कामाला लागा” असं सांगणारे रासायनिक निरोप, म्हणजे ग्रोथ फॅक्टर
३. पेशींना चढायला आधार, म्हणजे एक सांगाडा
४. स्थिरता, म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर हलता कामा नयेत

२००७ साली काही सर्जननी या चौकडीला “डायमंड कन्सेप्ट” असं नाव दिलं. चारही कोपरे शाबूत असतील तर हाड जुळतं. एखादा कोपरा निखळला की गाडी अडते. आणि हो, हे सगळं चालायला रक्तपुरवठा हवाच.

नॉन-युनियन म्हणजे काय?

हाड उशिरा जुळणं वेगळं आणि जुळायचं थांबणं वेगळं. अमेरिकेच्या एफडीएची जुनी व्याख्या अशी आहे: फ्रॅक्चरला किमान ९ महिने झाले आणि शेवटच्या ३ महिन्यांत काहीच प्रगती दिसली नाही, तर ते नॉन-युनियन. प्रत्यक्षात डॉक्टर दर वेळी ९ महिने थांबत नाहीत. आता हे आपोआप जुळणार नाही असं एक्स-रे, सीटी स्कॅन आणि दुखणं या तिन्हींवरून दिसलं की ते आधीच निर्णय घेतात.

यातही दोन मुख्य प्रकार आहेत, आणि ग्राफ्ट लागणार की नाही हे बऱ्याचदा इथेच ठरतं.

पहिला प्रकार हायपरट्रॉफिक. एक्स-रेमध्ये हाडाची टोकं फुगलेली, हत्तीच्या पायासारखी रुंद दिसतात. शरीर भरपूर हाड बनवतंय, पण तुकडे हलत असल्याने जोड पूर्ण होत नाही. इथे बऱ्याचदा स्क्रू किंवा प्लेट लावून घट्ट बसवलं की काम होतं.

दुसरा प्रकार अॅट्रॉफिक. इथे टोकं बारीक, निर्जीव दिसतात. शरीराने काम सोडूनच दिलेलं असतं. नुसता स्क्रू लावून इथे भागत नाही, कारण स्क्रू तुकडे धरून ठेवतो, हाड बनवत नाही. अशा वेळी बोन ग्राफ्ट लागतो.

पंजातली काही हाडंच का अडतात?

एका पावलात २६ हाडं असतात. त्यातली बहुतेक मोडली तर प्लास्टर किंवा बूट घालून बरी होतात. पण दोन-तीन जागा बदनाम आहेत.

सगळ्यात प्रसिद्ध जागा म्हणजे करंगळीच्या मागचं लांब हाड, पाचवा मेटाटार्सल. पावलाच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं तर मध्यावर एक उंचवटा हाताला लागतो. ते या हाडाचं बूड. त्याच्या किंचित पुढे होणाऱ्या फ्रॅक्चरला “जोन्स फ्रॅक्चर” म्हणतात. हे नाव सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जनवरून पडलं. नाचताना त्यांचाच पाय दुखावला होता. एक्स-रे काढल्यावर हाड मोडल्याचं दिसलं, आणि १९०२ साली त्यांनी स्वतःच्या आणि इतर काही रुग्णांच्या केसवर लेख लिहिला. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती.

ही जागा अडते का? कारण रक्तपुरवठा. या हाडाला बुडाकडून काही रक्तवाहिन्या येतात आणि मधल्या भागातून एक वेगळी रक्तवाहिनी येते. जोन्स फ्रॅक्चर नेमकं दोघींच्या मधल्या पट्ट्यात होतं. गावाकडच्या मित्रांना लगेच कळेल: दोन पाटांच्या टेलला असलेलं शेत. दोन्हीकडून पाणी सोडलं तरी तिथे पोचेपर्यंत कमीच. त्यात आपण चालताना या बाहेरच्या कडेवर सतत ताण येतो, म्हणजे स्थिरताही डळमळीत.

गंमत म्हणजे त्याच हाडाच्या अगदी बुडाचा टवका निघाला तर तो सहसा बूट घालून बरा होतो. अंतर थोडंसंच, पण निकाल वेगळा. म्हणून “पाचवा मेटाटार्सल मोडलाय” एवढ्यावर थांबू नका, “कुठे मोडलाय?” हे विचारा.

दुसरी बदनाम जागा नॅव्हिक्युलर, म्हणजे पावलाच्या कमानीच्या वरच्या बाजूचं होडीसारखं हाड. त्याच्याही मधल्या भागाला रक्त कमी मिळतं. तिसरं हाड टॅलस, घोट्याच्या आत बसलेलं.

खेळाडूंची उदाहरणं

बास्केटबॉल बघणाऱ्यांना केविन ड्युरंट माहीत असेलच. २०१३-१४ च्या सीझनचा तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या उजव्या पायाला जोन्स फ्रॅक्चर झालं. डॉक्टरांनी हाडात स्क्रू बसवला आणि डिसेंबरमध्ये तो मैदानात परतला. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्क्रूचं डोकं शेजारच्या हाडाला घासतंय म्हणून दुसरी छोटी शस्त्रक्रिया झाली. मार्चमध्ये कळलं की फ्रॅक्चरची जागा पुन्हा बिघडतेय. ३१ मार्च २०१५ ला न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर तिसरी शस्त्रक्रिया झाली, आणि या वेळी बोन ग्राफ्ट होता. त्या सीझनमध्ये तो फक्त २७ सामने खेळू शकला.

पुढच्या सीझनला तो ७२ सामने खेळला. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकचं सुवर्णपदक, मग २०१७ आणि २०१८ मध्ये एनबीए विजेतेपद.

जोएल एम्बीडचीही अशीच गोष्ट. २०१४ मध्ये त्याचं नॅव्हिक्युलर मोडलं. ऑपरेशन झालं, पण हवं तसं भरलं नाही म्हणून ऑगस्ट २०१५ मध्ये बोन ग्राफ्टसह दुसरं ऑपरेशन. एनबीएमध्ये निवड होऊनही पहिले दोन्ही सीझन तो एक सामना खेळला नाही. २०२२-२३ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ही उदाहरणं मी दोन कारणांसाठी दिली. एक, जगातले उत्तम डॉक्टर आणि भरपूर पैसा असूनही पहिल्या ऑपरेशनने हाड जुळत नाही असं होऊ शकतं. त्यात रुग्णाचीच काही चूक असते असं नाही. दोन, ग्राफ्ट लागला म्हणजे पाय संपला असंही नाही.

बोन ग्राफ्ट करतो काय?

बऱ्याच जणांना वाटतं की ग्राफ्ट म्हणजे भिंतीच्या भेगेत सिमेंट भरणं. तसं नाही. सिमेंट कायम तसंच राहतं. ग्राफ्ट मात्र हळूहळू नाहीसा होतो आणि त्याच्या जागी तुमचं स्वतःचं हाड येतं.

परसातल्या दोडक्याच्या वेलाचा विचार करा. वेल वाढायला बी लागतं, खतपाणी लागतं आणि चढायला मांडव लागतो. ग्राफ्टची कामंही हीच तीन:

• बी: हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी पुरवणं
• खत: आजूबाजूच्या पेशींना हाड बनवायला लावणारी प्रथिनं पुरवणं
• मांडव: नव्या हाडाला आणि रक्तवाहिन्यांना चढायला जाळी देणं

वेल चढला की शरीर जुना मांडव थोडा थोडा खात जातं आणि तिथे नवं हाड भरतं.

ग्राफ्ट येतो कुठून?

१. स्वतःच्या शरीरातून, म्हणजे ऑटोग्राफ्ट. कमरेच्या कडेला हाताला लागणारं हाड, गुडघ्याखाली नडगीचा वरचा भाग किंवा टाच, इथून चमच्याने खरवडल्यासारखं मऊ, स्पंजसारखं हाड काढतात. यात बी, खत आणि मांडव तिन्ही असतात, म्हणून आजही हाच सगळ्यात भरवशाचा मानला जातो. तोटा एकच: आणखी एक जखम. कमरेची जागा काही जणांना पायापेक्षा जास्त दिवस दुखते. पंजातल्या छोट्या फटीला थोडंसंच हाड लागतं, त्यामुळे बऱ्याचदा टाच किंवा नडगीतून घेऊन काम भागतं.

२. दुसऱ्या माणसाकडून, म्हणजे अॅलोग्राफ्ट. दात्याच्या तपासण्या होतात, मग हाड स्वच्छ करून निर्जंतुक करतात. त्यात जिवंत पेशी उरत नाहीत, त्यामुळे किडनी बदलल्यावर लागतात तशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं इथे लागत नाहीत. मुख्यतः हा मांडव, खत थोडंफार. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून असं काम करते, आणि तिथे निर्जंतुक करायला गॅमा किरणं वापरतात.

३. कृत्रिम पदार्थ. कॅल्शियम फॉस्फेट किंवा कॅल्शियम सल्फेटचे दाणे. कॅल्शियम सल्फेट म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच! १८९२ मध्ये ड्रेसमन या जर्मन सर्जनने हाडातल्या पोकळ्या त्याने भरल्याची नोंद आहे. हे पदार्थ निव्वळ मांडव आहेत. एकटे वापरले तर अॅट्रॉफिक नॉन-युनियनला सहसा पुरे पडत नाहीत.

४. पेशी आणि प्रथिनं. कमरेच्या हाडातून सिरिंजने बोन मॅरो काढतात, मशीनमध्ये फिरवून घट्ट करतात आणि फ्रॅक्चरच्या जागी सोडतात. शिवाय बीएमपी नावाची प्रथिनं आहेत. हाडातच असं काहीतरी असतं जे नवं हाड बनवायला लावतं, हे मार्शल युरिस्ट या अमेरिकन सर्जनने १९६५ मध्ये दाखवून दिलं. पुढे त्यावरून प्रयोगशाळेत बनवलेलं बीएमपी-२ आलं. ते महाग असतं आणि सरसकट सगळ्यांना देत नाहीत.

ऑपरेशन कसं होतं?

क्रम साधारण असा असतो:

• आधी सीटी स्कॅन. एक्स-रे म्हणजे सावली, तर सीटी म्हणजे पावासारखे कापलेले पातळ काप. फट कुठे आणि किती रुंद हे त्यात नीट कळतं.
• जागा उघडून मधली तंतुमय ऊती आणि मेलेली कड खरवडून काढतात. हाडातून ताजं रक्त पाझरायला लागेपर्यंत हे चालतं. मला सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच वाटते, कारण मेलेल्या कडेवर कितीही चांगला ग्राफ्ट ठेवला तरी वेल कोरड्या मातीत लावल्यासारखंच.
• संसर्गाची शंका असेल तर तिथले नमुने तपासायला पाठवतात. संसर्ग निघाला तर आधी तो संपवावा लागतो.
• फटीत ग्राफ्ट ठासून भरतात.
• स्क्रू किंवा प्लेटने सगळं घट्ट करतात. जुना स्क्रू बारीक किंवा सैल असेल तर जाड बसवतात.

धोके आहेतच: संसर्ग, बाहेरच्या कडेच्या नसेला धक्का लागून तिथे बधिरपणा, स्क्रू टोचणं, आणि क्वचित हाड पुन्हा न जुळणं. सही करण्याआधी हे डॉक्टरांकडून नीट ऐकून घ्या.

ऑपरेशननंतर खरी परीक्षा

साधारण सहा आठवडे, कधी त्याहून जास्त, पाय टेकवायचा नाही. कुबड्या, मग बूट, मग हळूहळू वजन. खेळायला परतायला अनेक महिने लागतात. आणि दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नाही. दुखणं आधी थांबतं, जोड नंतर पक्का होतो. ही मधली खिडकी सगळ्यात धोक्याची, कारण पाय बरा वाटतो आणि माणूस धावायला लागतो.

इथे तुमचा मोबाईल खरंच कामाचा आहे. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली की रोजची पावलं किती ते विचारा आणि स्टेप काउंटरवर तेवढीच मर्यादा ठेवा. टार्गेट पूर्ण करण्यासाठी अॅप वापरतो, तसं थांबण्यासाठीही वापरता येतं. प्रत्येक एक्स-रेचा तारखेसह फोटो ठेवा. पण दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर अवलंबून राहू नका. त्यात बारीक रेषा पुसल्या जातात. स्कॅन सेंटरकडून मूळ डिजिटल फाईल किंवा सीडी मागून घ्या.

तंबाखूचं काय?

निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं. आधीच टेलचं शेत, त्यात आपणच पाट अडवायचा! सिगारेट, व्हेप, तंबाखू, गुटखा, मिश्री, सगळ्यात निकोटीन आहे. “मी ओढत नाही, फक्त मळतो” ही पळवाट हाडाला कळत नाही. म्हणून बरेच सर्जन ग्राफ्टच्या आधीच हे बंद करायला सांगतात. डॉक्टरांशी खोटं बोललात तर फसतो तो ग्राफ्ट. मधुमेह आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता याही तपासून घ्या.

काही नेहमीचे प्रश्न

कांडवेलीच्या रसाने नॉन-युनियन जुळतं का?
तर्क लावून बघा. पोटात घेतलेली कुठलीही गोष्ट मेलेली कड खरवडू शकत नाही आणि हलणारे तुकडे स्थिर करू शकत नाही. मालीश करून तर ते तुकडे आणखी हलतात.

अल्ट्रासाउंडचं मशीन घरी लावलं तर?
अशी मशीन मिळतात. पण नडगीच्या ताज्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालेल्या ५०१ रुग्णांवरची मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यात फायदा दिसला नाही. नॉन-युनियनमध्ये उपयोग होतो का यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. घेण्याआधी विचारा.

हाड थ्रीडी प्रिंट करता येत नाही का?
काही ठिकाणी येतं. रक्तपुरवठा तुटून मेलेल्या टॅलसच्या जागी बसणाऱ्या, रुग्णाच्या मापाच्या थ्रीडी प्रिंटेड धातूच्या हाडाला अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. पण मेटाटार्सलमधल्या छोट्या फटीला त्याची गरजच नाही. तिथे टाचेतलं चमचाभर हाड जास्त कामाचं.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

१८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या सुजलेल्या पायांबद्दल लिहिलं होतं. एक्स-रे नव्हते, त्यामुळे कारण कळलं नाही. आज आपण त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतो: अचानक चालणं-धावणं वाढवल्याने पंजातल्या हाडाला जाणारी बारीक चीर. डांबरी रस्त्यावर रोज पहाटे १६०० मीटरचा सराव करणारी पोरं-पोरी नेमकी याच वाटेवर असतात. भरती तोंडावर आली म्हणून दुखणं लपवतात, पेनकिलर घेऊन धावतात आणि चीर आरपार जाते.

पावलात एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, धावताना वाढत असेल आणि आठवडाभर विश्रांती घेऊनही जात नसेल, तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी चीर कधी कधी दिसतच नाही, म्हणून “एक्स-रे नॉर्मल आहे” यावर विषय संपवू नका. एमआरआयची गरज आहे का ते विचारा. सहा-आठ आठवडे बूट घालून एखादी भरती हुकेल. चीर वाढून नॉन-युनियन झालं तर वर्ष जाऊ शकतं.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा:

१. माझं नॉन-युनियन कोणत्या प्रकारचं आहे? फक्त स्क्रूने भागेल की ग्राफ्ट लागेलच?
२. ग्राफ्ट कुठून घेणार? तिथे किती दिवस दुखेल?
३. संसर्ग, साखर आणि ड जीवनसत्त्व तपासलंय का?
४. किती आठवडे पाय टेकवायचा नाही?
५. हाड जुळलं हे एक्स-रेवर ठरवणार की सीटीवर?

तर मित्रांनो, बोन ग्राफ्टिंगबद्दलची ही माहिती कशी वाटली ते कमेंटमध्ये नक्की सांगा. तुमच्या ओळखीत कुणी पायाला बूट घालून बसलं असेल किंवा लंगडत सरावाला जात असेल, तर हा लेख त्याला आजच पाठवा. भेटूया पुढच्या लेखात.